ईबर्ड आणि मर्लिन: स्थलांतराच्या मोसमात गच्चीवर आणि पाण्याकाठी किती कामाची?

ऑगस्ट संपता संपता सह्याद्रीतल्या ओढ्यांवर करडा धोबी दिसायला लागतो, खाडीच्या कडेला तुतवार उतरलेले असतात आणि भोरड्यांचे पहिले थवे माळावर येतात. तिथून नोव्हेंबरअखेरपर्यंत महाराष्ट्राच्या आभाळात सतत वर्दळ असते. या दिवसांत घरातून आणि जवळच्या नदी, तलाव, खाडीवरून पक्षी पाहणाऱ्याला फोनमधली दोन ॲप्स कितपत उपयोगी पडतात, ते इथे पाहू. दोन्ही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेची: दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं ईबर्ड २००२ पासून (तेव्हा ऑड्युबॉन या पक्षी-संवर्धन संस्थेच्या जोडीने), पक्षी ओळखून देणारं मर्लिन २०१४ पासून. दोन्ही मोफत आहेत, जाहिराती नाहीत आणि एकच खातं दोन्हीकडे चालतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक लोक मर्लिन रोज उघडतात आणि ईबर्ड कधीतरी. या मोसमात ते उलट व्हायला हवं. मर्लिन समोरच्या पक्ष्याचं नाव सुचवतं, पण स्थलांतरात खरा प्रश्न ‘हा कोण’ एवढाच नसतो. ‘कधी आला, किती आले, आणि गेल्या आठवड्यात नव्हताच का’ हे प्रश्न मोठे, आणि त्यांची उत्तरं फक्त ईबर्डमध्ये साठतात.

मर्लिन: बागेत भरवशाचं, शरदात कच्चं

मर्लिन टाकल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या भागाचा पक्ष्यांचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून घेणं. तो असला की नेटवर्क नसतानाही आवाजावरून आणि फोटोवरून ओळख चालते. भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यात किंवा घाटात हे महत्त्वाचं ठरतं. फोनचं लोकेशन चालू ठेवा. जागा आणि तारीख कळल्याशिवाय मर्लिनच्या सूचना भरकटतात.

२०२१ मध्ये आलेली साउंड आयडी, म्हणजे आवाजावरून ओळखण्याची सोय, सगळ्यांच्या आवडीची. सकाळी गॅलरीत फोन ठेवला की तांबट, बुलबुल, शिंपी, दयाळ, कोकीळ यांची नावं भराभर येतात. नवख्या माणसाचे कान तयार करायला याहून चांगलं साधन आम्हांला माहीत नाही. पण स्थलांतरित पक्षी इथे येतात ते विणीचा हंगाम उरकून. गाणी मागे, उत्तरेत राहिलेली असतात. इथे ऐकू येतात ते तुटक, एक-दोन अक्षरी हाकारे. ब्लिथचा बोरू वटवट्या झुडपात बसून नुसतं ‘चॅक, चॅक’ करतो. लाल छातीचा माशीमार बारीक ‘टर्रर्र’ करतो. हिरवट वटवट्याची हाक दोन सुरांत संपते. इतक्या छोट्या तुकड्यावर मर्लिन कधी गप्प बसतं, कधी जवळच्या भाईबंदाचं नाव देतं.

त्यात शहराचा गोंगाट. रिक्षाचा ब्रेक, पंप, मिक्सर, लांबचा हॉर्न यांतून मर्लिनला मधूनच भलतंच नाव सुचतं. शिवाय आपले नकलाकार आहेतच. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो, भृंगराज आणि पर्णपक्षी तर एका बैठकीत अनेकांचे आवाज काढतात. मर्लिन त्या प्रत्येकाला खरं मानतं. म्हणून नियम सोपा: नाव पडद्यावर उजळलं की डोळे वर करून पक्षी शोधायचा, सापडला नाही तर तेच नाव पुन्हा उजळतं का पाहायचं, आणि मर्लिनमधल्याच नमुना आवाजाशी आपण स्वतः ताडून बघायचं. फक्त मर्लिन म्हणालं म्हणून ईबर्डवर नोंद करायची नाही. ईबर्डचीही तीच अपेक्षा आहे.

रेकॉर्डिंग चांगलं यावं यासाठी फोन हातात न धरता कठड्यावर किंवा कुंडीवर ठेवा, मायक्रोफोनची बाजू झाडाकडे करा, फोनचं कव्हर माइक झाकत असेल तर काढा, ब्लूटूथ इअरफोन बंद करा. वारा असेल तर भिंतीच्या आडोशाला या. एका पक्ष्यासाठी अर्धा-एक मिनिट पुरतं. तासभर चालू ठेवलेलं रेकॉर्डिंग नंतर कुणी ऐकत नाही.

फोटोवरून ओळखीची वेगळी अडचण आहे, ती पाण्यावर कळते. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेले बदकांचे नर आपल्या ओळखीच्या रंगांत नसतात. विणीनंतर त्यांची पिसं झडून ते काही काळ मादीसारखे भुरकट दिसतात. त्यामुळे ‘सगळ्या माद्याच आल्या’ असं वाटतं आणि लांबून काढलेल्या फोटोवर मर्लिनही घोळ घालतं. अशा वेळी रंग सोडून आकार पाहायचा. थापट्याची चोच डोक्याहून लांब आणि टोकाला रुंद. तलवार बदकाची मान लांब, शेपूट टोकदार. भुवई बदक लहान. डोळ्यावरची फिकट रेघ आणि डोळ्यातून जाणारी गडद रेघ दोन्ही ठळक, नर उडाला तर पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर-राखी. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या बदकांत लवकर पोचणाऱ्यांपैकी हेच, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला भुरकं, लहान बदक दिसलं तर पहिला विचार त्याचा करावा.

चिखलातल्या छोट्या पक्ष्यांचंही तसंच. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा फोटोत सारखेच. पायांचा रंग पाहा, पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळसर-हिरवट. चिखलाने माखलेले पाय मात्र दोघांचेही काळेच दिसतात, हे लक्षात ठेवा. हिरवा तुतवार उडाला की पंखाची खालची बाजू काळपट आणि शेपटीचा बुडखा झगझगीत पांढरा. ठिपकेवाल्याच्या पंखाची खालची बाजू फिकट. हे फरक उडताना, हाकेसह कळतात. स्थिर फोटोवर मर्लिनला ते कुठून कळणार? पाणपक्ष्यांसाठी मर्लिनला आम्ही पाचपैकी दोन देऊ, घराच्या बागेसाठी चार.

ईबर्ड: गच्चीवरची १५ मिनिटं

घरून नोंद करायची तर ‘स्टेशनरी’ हा प्रकार निवडायचा. म्हणजे एका जागी, साधारण ३० मीटरच्या आत थांबून केलेलं निरीक्षण. त्याहून जास्त चाललात तर ‘ट्रॅव्हलिंग’. जागा नकाशावर टिचकी मारून एकदाच बनवा आणि दर वेळी तीच वापरा; रोज नवी खूण टाकली की आपल्याच नोंदी विखुरतात. जागेला नाव देताना फ्लॅट क्रमांक किंवा सोसायटीचं नाव टाकू नका, कारण यादी इतरांना दिसते. ‘गच्ची, कोथरूड’ एवढं पुरे.

किमान १५ मिनिटं थांबा. बर्ड काउंट इंडिया या आपल्याकडच्या गटाच्या मासिक उपक्रमांतही साधारण हीच किमान वेळ धरतात. वेळ रोज तीच ठेवता आली तर उत्तम: सूर्योदयानंतरचा पहिला तास वटवटे, माशीमार, हळद्या यांच्यासाठी, आणि दहा ते बारा आकाशात चढणाऱ्या शिकारी पक्ष्यांसाठी. ऊन तापून हवा वर चढायला लागली की घारींच्या घिरट्यांत मधेच एखादा कैकर किंवा भोवत्या निघतो. घारींकडे दुर्लक्ष करणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

यादी संपवताना ईबर्ड विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? या प्रश्नाचा अर्थ पुष्कळ जण चुकीचा घेतात. चार पक्षी ओळखता आले नाहीत म्हणून ‘नाही’ दाबतात. विचारलेलं आहे ते ‘ओळखता आलेले’. जे ओळखता आले ते सगळे लिहिले, कावळा, कबूतर, चिमणीसकट, तर उत्तर ‘हो’. न ओळखलेल्या वटवट्यासाठी ‘वटवट्याची कुठलीतरी जात’ अशी नोंद ईबर्डमध्ये आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही.

‘हो’ का हवं, त्याचं कारण थेट स्थलांतराशी जोडलेलं आहे. ईबर्डचे वारंवारतेचे आलेख अशा पूर्ण याद्यांवर उभे असतात. एखाद्या आठवड्यात जिल्ह्यातून १०० पूर्ण याद्या आल्या आणि त्यांतल्या २० मध्ये माळभिंगरी असली, तर वारंवारता २० टक्के. उरलेल्या ८० याद्यांनी, जिथे ती नव्हती, हा आकडा घडवला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या गच्चीवरून फक्त कावळे आणि पारवे दिसले, तरी ती यादी पाठवाच. तिच्यामुळेच ऑक्टोबरात दिसलेल्या भिंगरीला ‘आगमन’ म्हणता येतं.

संख्येच्या जागी ‘X’ टाकायची मुभा आहे, म्हणजे होता, मोजला नाही. ती शक्यतो वापरू नका. संध्याकाळी रातथाऱ्याकडे जाणाऱ्या भोरड्यांचा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्या, मग तेवढे तुकडे मोजत जा. ४०० असा अंदाज चालतो. X मधून तीन पक्षी होते की तीन हजार, हे कुणालाही कळत नाही.

पाण्याकाठी: नदी, खाडी, धरण

चालत जाऊन नोंद करताना ईबर्डचा ट्रॅक चालू करा. अंतर तो मोजतो. पण गेल्या वाटेनेच परत आलात तर अंतर एकेरीच धरायचं असतं, म्हणून शेवटी आकडा हाताने निम्मा करा. हे फार थोडे लोक करतात. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागचं ॲप बंद पाडतात आणि ट्रॅक सरळ रेषेत उडी मारतो. सेटिंगमध्ये ईबर्डला बॅटरीच्या बंधनातून सूट दिली की हे थांबतं. यादी एक ते दोन किलोमीटरची आणि तासाभराची ठेवा. चहाला थांबलात तर आधी यादी बंद करा. दोघे-तिघे बरोबर असाल तर एकानेच मोजावं आणि यादी बाकीच्यांना शेअर करावी, नाहीतर तेच पक्षी तिप्पट होतात.

पुण्यात शरदासाठी कवडीपाटसारखी जागा सोपी: पात्र उथळ, खडक उघडे, तुतवार आणि धोबी जवळून दिसतात. मुळा-मुठेचं पाणी घाण आहे, नाकाला रुमाल लागतो, तरी पक्षी येतात. मोठं धरण मात्र या दिवसांत फसवतं. उजनी पावसाळ्यानंतर भरलेलं असतं. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या कडेचा चिखल पाण्याखाली असतो आणि चिखलावर चरणारे पक्षी उतरणार कुठे? पाणी ओसरायला लागलं की, डिसेंबरपासून पुढे, तिथली बोट घेण्यात अर्थ आहे. पट्टकादंब आणि रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे म्हणून ऑक्टोबरात पुण्याहून शंभर किलोमीटर गाडी हाकणाऱ्यांनी आधी ईबर्डवर त्या ठिकाणच्या अलीकडच्या याद्या उघडून पाहाव्यात. पाच मिनिटांचं काम आहे.

ठाणे खाडीचं गणित भरतीवर. २०१५ मध्ये रोहित अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झालेल्या या खाडीत पूर्ण ओहोटीला पक्षी इतके लांब जातात की दुर्बिणीतही ठिपके दिसतात. भरती चढत असताना, ती पूर्ण व्हायच्या दोन-तीन तास आधी, पाणी त्यांना कडेकडे ढकलत आणतं. तीच वेळ साधायची. कोकणातला जुना आडाखा आजही चालतो: तिथीला पाऊणपट केलं की भरतीचा तास. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. खाडीत आत ऐरोलीकडे थोडा उशीर धरा. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘दर रविवारी सात वाजता’ असा नेम खाडीवर उपयोगाचा नाही. पूर्ण भरतीला हेच पक्षी भांडुप किंवा नेरुळच्या बाजूच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. एकाच सकाळी दोन्ही ठिकाणी मोजलं तर दोन वेगळ्या याद्या करा आणि दुसरीच्या टिपणात तसं लिहा.

नोंदीची जागा निवडताना नकाशावरचा लाल-केशरी ‘हॉटस्पॉट’, म्हणजे सगळ्यांसाठीची सामायिक जागा, असेल तर तोच घ्या, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एकत्र येतात. अख्ख्या जिल्ह्याच्या नावाने टाकलेली यादी कुणाच्या कामाची नाही.

बार चार्ट: यासाठीच ईबर्ड घ्यावं

वेबसाइटवर एक्सप्लोरमध्ये बार चार्ट उघडा. भारत, महाराष्ट्र, मग जिल्हा किंवा हॉटस्पॉट. प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले दिसतात आणि प्रत्येक जातीसमोर जाड-बारीक पट्टी. करड्या धोब्याची पट्टी कुठे उगवते, थापट्याची कुठे, युरोपातल्या नीलपंखाची पट्टी सप्टेंबर-ऑक्टोबरात येऊन कशी पुन्हा पुसली जाते, हे एका पानावर दिसतं. तो इथे मुक्कामाला नसतो, आफ्रिकेच्या वाटेवर असतो. ठिपकेवाला माशीमारही तसाच पाहुणा. या दोघांची तीन-चार आठवड्यांची खिडकी हुकली की पुढच्या वर्षीच.

लाइन ग्राफमध्ये पाच जातींपर्यंत तुलना करता येते. करडा धोबी, माळभिंगरी, भुवई बदक, थापट्या आणि पट्टकादंब असे पाच टाका. मोसमाचा क्रम समोर उभा राहतो.

पण चार्ट वाचताना याद्यांची संख्याही पाहा. ती तिथेच दिलेली असते. पुणे, ठाणे, मुंबईत ती भरपूर असते. मराठवाडा आणि विदर्भातल्या काही जिल्ह्यांत सप्टेंबरच्या एखाद्या आठवड्यात याद्या इतक्या कमी असतात की एका हौशी माणसाची एक सहल सगळी पट्टी फुगवते. हॉटस्पॉटवर तर हिवाळी सुट्ट्यांचाच भरणा. म्हणजे पट्टी नाही याचा अर्थ पक्षी नव्हता, असा नसून कुणी पाहायला नव्हतं, असाही असू शकतो. जिथे पट्ट्या पातळ आहेत तिथल्या वाचकाच्या १५ मिनिटांचं मोल पुण्यातल्या याद्यांहून जास्त आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल ९४२ जातींची स्थिती मांडतो, तो अशाच लोकांच्या नोंदींवर; दुरून येणाऱ्या किनारी पक्ष्यांची घसरण त्यात स्पष्ट दिसते.

खटकणाऱ्या गोष्टी

संख्या किंवा जात अनपेक्षित वाटली की ईबर्ड तपशील मागतं आणि स्थानिक स्वयंसेवक परीक्षक नंतर ईमेल करतात. नवख्यांना हा अविश्वास वाटतो. तो तसा घेऊ नका. काय दिसलं, पाय, चोच, उडण्याची ढब, अंतर, हे चार ओळींत लिहा. ‘नक्की तोच होता’ हा तपशील नव्हे. नोव्हेंबरात घाटमाथ्यावर अमूर ससाणा लिहिताना याची गरज पडते. २०१३ मध्ये नागालँडमध्ये उपग्रह टॅग लावलेले अमूर ससाणे भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेत गेले. लोणावळ्याच्या बाजूला तो दिसण्यात नवल नाही. पण खरूची ससाण्याशी गल्लत होते. नर गडद राखी, पंखाखाली पुढची बाजू पांढरी, पाय नारिंगी-तांबडे, हे लिहिलं की प्रश्न मिटतो.

जातींची यादी वर्षातून एकदा बदलते आणि अलीकडे हा बदल नेमका ऑक्टोबरच्या आसपास होतो. २०२३ मध्ये लेसर सँड प्लोव्हर या छोट्या किनारी पक्ष्याच्या दोन जाती झाल्या, सायबेरियन आणि तिबेटन. आपल्या किनाऱ्यावर अपेक्षित आहे ती तिबेटन. ग्रेटर सँड प्लोव्हरही तिथेच असतो. चोच-पायांची लांबी नीट दिसली नाही तर दोन्ही नावांची जोडनोंद निवडा.

पक्ष्यांची नावं सेटिंगमधून मराठीत करता येतात, पण भराभर नोंद करताना इंग्रजी नावांची आद्याक्षरं टाकणं जलद जातं. वेबसाइटचे आलेख फोनवर बारीक दिसतात; ते संगणकावरच पाहावेत. मर्लिनमधलं रेकॉर्डिंग यादीला जोडायचं तर फाइल बाहेर काढून वेबसाइटवरून चढवावी लागते. दोन्ही ॲप्स एकाच घरची असून हा वळसा घ्यावा लागतो, हे बरोबर नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जगभर ‘ऑक्टोबर बिग डे’ हा पक्षी नोंदवण्याचा दिवस असतो. सुरुवात करायला तो दिवस चांगला, फक्त आदल्या रात्री पॅक उतरवून आणि जागेची खूण बनवून ठेवा. मोसम संपला की ‘माय ईबर्ड’मधून आपला सगळा तपशील एका फाइलमध्ये मागवता येतो, तारखेनुसार लावला की आपल्या गच्चीचं वेळापत्रक तयार होतं, आणि पुढच्या सप्टेंबरात कोणत्या आठवड्यात लवकर उठायचं ते त्यावरून ठरवता येतं.